मदत हवी आहे: ७२ पिनांची कॅसेट ६० पिनांच्या गेमवर कशी लावू?

नमस्कार भाऊ-ताईंनो. मी दर्यापूर तालुक्यातला. लहानपणची ६० पिनांची टीव्ही गेम माळ्यावरून काढली, अजून मस्त चालते! आतेभावानं अमेरिकेतून निन्टेंडोच्या तीन कॅसेटी दिल्या, पण त्या ७२ पिनांच्या, रुंद. खाचेत बसतच नाहीत. कुलूप-चिप (परक्या कॅसेटी अडवणारी चिप) त्यांच्या मूळ मशीनमध्ये असते, आपल्या फॅमिकॉमच्या (निन्टेंडोच्या ६० पिनांच्या जपानी मशीनच्या) नकलेत नाही, म्हणजे अडचण फक्त पिनांची. ७२ पिनांची कॅसेट ६० पिनांच्या खाचेत बसवणारा जोड (अडॅप्टर) अमरावती-नागपुरात कुठे मिळेल? ६० पिनांची कॅसेट ७२ च्या मशीनमध्ये घालायचा उलटा जोड नको. आणि मशीन ५० हर्ट्झचं (सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारं) निघालं तर ६० हर्ट्झचा खेळ किती हळू चालेल? एका कॅसेटमध्ये आतल्या बॅटरीवर आतेभावाचा शाळेतला खेळ जपलेला आहे. तो पुसला जाऊ नये, म्हणून अजून काहीच जबरदस्ती केली नाही.