मदत हवी आहे: ऑनलाइन बेसबॉल लीगमध्ये दोघं संगनमताने ट्रेड करतायत, रद्द करू का?

वेंगुर्ला_शॉर्टस्टॉप
घाईत लिहितोय. पुढचं सिम (कॉम्प्युटरवर पुढचे सामने चालवणं) उद्या रात्री दहाला आहे, त्याआधी निर्णय हवा. दोघांनी मिळून ट्रेड टाकलाय: २४ वर्षांचा शॉर्टस्टॉप, आजचं रेटिंग ६५, पोटेन्शियल ७५. बदल्यात ३३ आणि ३४ वर्षांचे दोन स्टार्टर पिचर आणि वर ८० लाख डॉलर रोख. उघड उघड साटंलोटं आहे. दोघांचा आयपी पण एकच येतो. रद्द केला तर भांडण, नाही केला तर बाकीचे लीग सोडतील. व्होटिंग लावू का? तुमच्याकडे काय नियम आहेत? लवकर सांगा.

आचरा_बाबल्या
गेम खंयचो ता लिवलंसच नाय. टीमा किती, माणसां किती, ह्या आधी सांग. नायतर हंयसर जो तो आपलाच घोडा नाचयतलो.

दाभोळखाडी
व्होटिंगच्या नादाला लागू नका. समजा ११ माणसं आहेत. ट्रेडवाले दोघं वगळले की ९ उरले. त्यातले तीन-चार त्याच डिव्हिजनमधले. समोरच्याची टीम सुधारली की त्यांचं नुकसान, म्हणजे ते कुठल्याही ट्रेडला 'नाही' म्हणणार. उरलेल्यांनी बघितलेलंच नसतं. शेवटी लोक ट्रेड टाकायचेच बंद होतात आणि लीग मरते.
तीन जणांची समिती करा. ट्रेडमधले दोघं नकोत, त्यांच्या डिव्हिजनमधलंही कुणी नको. आणि समितीला प्रश्न एकच: 'यात लबाडी आहे का?' ट्रेड बरोबरीचा आहे का हे विचारायचंच नाही. मूर्खपणा करायचा हक्क प्रत्येक मॅनेजरला आहे.

चिपळूण_लेफ्टी
मूर्खपणाचा हक्क वगैरे ठीक आहे, पण आकडे मांडल्याशिवाय लबाडी कळणार कशी?
पद्धत सोपी आहे. मागच्या ऑफसीझनला तुमच्या लीगमध्ये फ्री एजंट्सवर (करार संपलेल्या खेळाडूंवर) एकूण किती पैसे गेले आणि त्या खेळाडूंनी मिळून किती वॉर (साध्या बदली खेळाडूपेक्षा मिळवून दिलेले जादा विजय) दिलं, भागाकार करा. समजा १२०० लाखांत २० वॉर, म्हणजे एका वॉरला ६० लाख. बाहेरच्या साइटवरचा दर घेऊ नका, प्रत्येक लीगची महागाई वेगळी.
आता शॉर्टस्टॉप. वर्षाला साडेचार वॉर धरा, चार वर्षं हातात, म्हणजे १८ वॉर, १०८० लाख. त्याचा चार वर्षांचा पगार २४० लाख असेल तर निव्वळ किंमत ८४०. दोन म्हातारे पिचर यंदा तीन-तीन, पुढच्या वर्षी दोन-दोन, एकूण १० वॉर, ६०० लाख. पण त्यांचे पगार वर्षाला १८०-१८० असतील तर दोन वर्षांचे होतात ७२०. म्हणजे निव्वळ उणे १२०. ८० लाख रोख धरूनही उणे ४०. इकडे ८४०, तिकडे उणे ४०. याला ट्रेड म्हणत नाहीत, अहेर म्हणतात.
फक्त एक सांगा, पिचरांचा पगार कोण भरणार?

बंदरावरचा
समिती नको नि गणित नको. मासळीचा लिलाव बंदरावर चारचौघांत होतो, भाव सगळ्यांच्या कानावर पडतो, म्हणून कुणी कुणावर आरोप करत नाही. तसंच करा. ६० च्या वर रेटिंग असलेला खेळाडू विकायचा तर आधी ४८ तास ट्रेड ब्लॉकवर टाकायचा, लीगच्या ग्रुपवर एक ओळ लिहायची, मग सौदा. कुणाला जास्त द्यायचं असेल तर तेव्हाच बोलावं, नंतर रडू नये.

दाभोळखाडी
हे वाचायला छान वाटतं. खेळाडू ब्लॉकवर दिसला की सगळ्यांना कळतं की हा विकायला बसलाय, मग येणाऱ्या ऑफरी पडेल भावाच्याच. शिवाय समोरच्याला तुमच्याकडचा विशिष्ट पिचरच हवा असेल तर लिलावाचा काय उपयोग? मासळी आणि शॉर्टस्टॉप एक नाही. मासळी संध्याकाळपर्यंत नासते, शॉर्टस्टॉप चार वर्षं टिकतो.

बंदरावरचा
पडेल ऑफर घ्यायची सक्ती कुणी केलीय? नुसतं दाखवायचं आहे.

वेंगुर्ला_शॉर्टस्टॉप
सॉरी, राहिलंच. गेम आउट ऑफ द पार्क. १६ टीम, ११ माणसं, बाकी पाच कॉम्प्युटरच्या. सिम सोमवार, बुधवार, शुक्रवार. पगार... हो, पिचरांचा पूर्ण पगार देणारी टीमच भरणार आहे, तसं ट्रेडमध्ये टाकलंय. त्याने काय फरक पडतो?

चिपळूण_लेफ्टी
काय फरक पडतो? अख्खं गणितच फिरलं! पगार त्यांनी ठेवला तर पिचर ६०० लाखांचे, वर ८० रोख, म्हणजे ६८० विरुद्ध ८४०. म्हाताऱ्या पिचरचं कोपर कधीही जाऊ शकतं, टॉमी जॉन सर्जरी झाली की बारा ते अठरा महिने बाद, म्हणून त्यांच्यातून वीस टक्के कापा: ४८० अधिक ८०, ५६०. तरीही हे वाईट ट्रेडमध्ये मोडतं, चोरीत नाही. शॉर्टस्टॉप देणारा यंदा प्लेऑफच्या उंबरठ्यावर आहे का? असेल तर यंदाच्या सहा वॉरची त्याला कागदावरच्यापेक्षा जास्त गरज.

रातांबा
अजून एक गोष्ट कुणी बोललं नाही. ६५/७५ हा आकडा कुणाच्या स्काउटचा (खेळाडू पारखणाऱ्याचा)? या गेममध्ये प्रत्येक टीमचा स्काउट वेगळा, त्यामुळे तोच खेळाडू तुम्हाला ७५ दिसतो आणि त्याच्या मालकाला ५५ दिसू शकतो. २०-८० च्या मापात ५० म्हणजे सरासरी आणि दर दहा म्हणजे एक पायरी, दोन पायऱ्यांचा फरक म्हणजे ऑलस्टार आणि साधा रेग्युलर यांच्यातला. तो स्वस्तात विकतोय असं तुम्हाला वाटतं, त्याला वाटत असेल फुगा फुटायच्या आत विकला. वादाच्या ट्रेडला समितीने ओएसएचे (गेममधल्या सामायिक स्काउटिंगचे) आकडे बघावेत, ते सगळ्यांना सारखे दिसतात.

आचरा_बाबल्या
ह्या बरोबर.

गुहागर_नेट
आयपीवरून कोकणात कुणालाही चोर ठरवू नका. वाडीत एक फायबर आणि त्यावर चार घरं, हे सगळीकडे. मोबाइल डेटावर तर कंपनी असंख्य ग्राहकांना एकाच पब्लिक आयपीमागे ठेवते. त्यापेक्षा गेल्या तीन सीझनमधले त्या दोघांचे सगळे ट्रेड एका शीटमध्ये उतरवा आणि फायदा कुणीकडे गेला ते बघा. साटंलोटं असेल तर पाणी दर वेळी एकाच बाजूला वाहतं. दोघांच्या एक्स्पोर्ट फाइल्स (सिमच्या आधी टीमचे बदल पाठवायच्या) दर वेळी दोन-दोन मिनिटांच्या अंतराने चढतात का तेही बघा, एकच माणूस दोन टीम चालवत असेल तर तिथे सापडतो.
जाता जाता: पावसात लाइट गेली आणि एक्स्पोर्ट राहिला ही तक्रार दर जुलैत येते. राउटरला मिनी यूपीएस लावा, १२ व्होल्ट २ अँपिअरचा. डब्यावर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं, पण ते ३.७ व्होल्टचं माप, म्हणजे ३७ वॉट-अवर. राउटर ८ ते १० वॉट खातो, घट धरून तीन तास मिळतात. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप द्या, नाहीतर राउटर चालू आणि नेट बंद.

बंदरावरचा
यूपीएस कुणी विचारला होता?

गुहागर_नेट
जुलैत विचारतील.

कुडाळ_ऑलराउंडर
मला कळत नाही, क्रिकेटचा गेम का खेळत नाही? आयपीएलमध्ये बघा, २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला गेला, बदल्यात खेळाडू नाही, निव्वळ रोख. कुणी समिती बसवली?

दाभोळखाडी
बेसबॉलवाल्यांनी नेमकं हेच अडवलं होतं. जून १९७६, ओकलंडचा मालक चार्ली फिनली. रूडी आणि फिंगर्स दहा-दहा लाख डॉलरला बॉस्टनला, व्हायडा ब्लू पंधरा लाखांना यँकीजला. कमिशनर बोवी कून यांनी तिन्ही सौदे रद्द केले. फिनली कोर्टात गेला आणि हरला. पुढे कून यांनी ट्रेडमधल्या रोख रकमेला चार लाखांची मर्यादाच घातली. कारण साधं आहे: खेळाडू देऊन खेळाडू आला तर दोन्ही टीम मैदानात राहतात, नुसती रोख आली तर एक टीम पोकळ होते. तुमच्या लीगला हाच नियम लावा, रोख एका ट्रेडमध्ये २० लाखांच्या वर नाही. तुमच्या भांडणातले निम्मे मुद्दे तिथेच गळतील.

चिपळूण_लेफ्टी
रोखीची मर्यादा मान्य. पण 'एकाला तीन' ट्रेडवरही लक्ष ठेवा, माझ्या वरच्या गणिताची तीच खोट आहे. पाच वॉरचा एक स्टार दिला आणि दोन, दोन, दीडचे तिघं घेतले, बेरीज साडेपाच, म्हणजे फायदा वाटतो. पण रोस्टर (संघाची यादी) २६ चं. तिघांना बसवायला स्वतःचे एकेक वॉरचे दोघं काढावे लागतात. साडेपाचातून दोन गेले, हाती साडेतीन. म्हणून जास्तीच्या प्रत्येक जागेला एक वॉर कापा. नवीन मॅनेजर इथेच लुटला जातो, त्यामुळे त्याला पहिली दहा सिम ट्रेडबंदी ठेवा. मालक सोडून गेलेली टीमही नवा मालक येईपर्यंत गोठवा. कॉम्प्युटरच्या टीमशी सीझनला दोनच ट्रेड, आणि ट्रेडिंग डिफिकल्टी 'व्हेरी हार्ड'.

सागवे_सेव्ह
सोडून जाणाऱ्यावर सोपा उपाय, प्रत्येकी ५०० रुपये जमा करा. मध्येच पळाला तर जप्त, टिकलेल्यांत जिंकेल त्याला.

रातांबा
हे अजिबात करू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन मनी गेमवर बंदीचा केंद्राचा कायदा झालाय. पैसे भरून पैसे जिंकायचे म्हटलं की कौशल्याचा खेळ हा बचाव तिथे चालत नाही. फुकट आहे ते फुकटच राहू द्या. पळून जाणाऱ्यावर लगाम हवा तर भविष्यातले ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायच्या पाळ्या) विकायला बंदी घाला, गेमच्या सेटिंगमध्येच आहे. खऱ्या एमएलबीतही (अमेरिकेतली मुख्य बेसबॉल लीग) थोडे अपवाद सोडले तर पिक विकता येत नाहीत.

वेंगुर्ला_शॉर्टस्टॉप
ठीक आहे, नियम पुढच्या सीझनपासून लावतो. पण उद्याचं काय? मी कमिशनर आहे, मलाच ठरवायचंय. आणि त्या शॉर्टस्टॉपसाठी मी याच्यापेक्षा चांगली ऑफर दिली होती, ती त्याने बघितली पण नाही.

आचरा_बाबल्या
आता इला भायर! तुझी पण टीम आसा?

वेंगुर्ला_शॉर्टस्टॉप
आहे. सगळ्याच लीगमध्ये कमिशनरची टीम असते.

दाभोळखाडी
असते, पण स्वतः बोली लावलेल्या खेळाडूचा ट्रेड तो रद्द करत नाही. कून यांची स्वतःची टीम नव्हती, म्हणून त्यांचं चाललं. उद्याचा निर्णय तुम्ही घ्यायचाच नाही. ट्रेड ४८ तास रोखा, बाहेरचे तिघं बसवा, ते म्हणतील ते. रोखणं सोपं आहे, उलटवणं नाही. एकदा सिम चाललं की त्या शॉर्टस्टॉपचे सामने नोंदले जातात, मग मागे जायचं म्हणजे सगळ्यांचा आठवडा पुसायचा. आणि काहीही ठरलं तरी उद्या सिमच्या आधी लीगचं डॉट एलजी फोल्डर कॉपी करून तारीख घालून ठेवा.

वेंगुर्ला_शॉर्टस्टॉप
रोखतो. दोन जण तयार आहेत, तिसरा शोधतोय. गणपतीत तर कुणीच सापडत नाही, म्हणून समितीचं मन होत नव्हतं.

गुहागर_नेट
गणपतीचे दिवस सिमच बंद ठेवा. चाकरमानी आले की घरात लॅपटॉप उघडायलाही जागा नसते.

रातांबा
समिती बसवायच्या आधी एक बघा. त्या ३४ वर्षांच्या पिचरची सर्व्हिस (लीगमध्ये काढलेली वर्षं) किती? दहा वर्षं झाली असतील आणि त्यातली शेवटची पाच याच टीमकडे, तर टेन-अँड-फाइव्हच्या हक्काने तो ट्रेडला स्वतःच नकार देऊ शकतो. तुमच्या लीगमध्ये तो नियम चालू आहे का?

वेंगुर्ला_शॉर्टस्टॉप
थांबा, बघून सांगतो. लाइट गेलीय.