थीम पार्कच्या दारात मुलांचे चेहरे का द्यायचे?

शिकागोकर
शिकागोजवळच्या गर्नीचं सिक्स फ्लॅग्स ग्रेट अमेरिका हे थीम पार्क आम्हाला जवळचं, म्हणून तिथल्याच खटल्यापासून सुरुवात करतो. 2014 साली 14 वर्षांचा एक मुलगा शाळेच्या सहलीबरोबर तिथे गेला. आईने सीझन पासचे पैसे आधीच ऑनलाइन भरले होते. पास देताना पार्कने मुलाच्या अंगठ्याचा ठसा घेतला. घरी आल्यावर आईने विचारलं, कागदपत्र काय दिलं? काही नाही, आता सगळं बोटाच्या ठशावरच चालतं, असं तो म्हणाला. ठसा कशासाठी, किती दिवस ठेवणार, काहीच लेखी नाही. आईची संमती कुणी मागितलीच नव्हती. इलिनॉयमध्ये 2008 पासून बायोमेट्रिक माहितीचा कायदा आहे, त्याच्या आधारे ती कोर्टात गेली. जानेवारी 2019 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं: वेगळं नुकसान दाखवायची गरज नाही, हक्क डावलला गेला एवढं पुरे.

आता बोटाच्या जागी चेहरा आलाय. डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंग्डममध्ये 2021 मध्ये चेहऱ्यावरून प्रवेश द्यायची चाचणी झाली. ऑर्लँडोचं एपिक युनिव्हर्स हे थीम पार्क 2025 मध्ये उघडलं, तिथे चेहऱ्यावरून ओळख पटवतात. माझं म्हणणं एवढंच: पालकांची लेखी संमती आधी घेतल्याशिवाय मुलांचा चेहरा घेऊ नये. आणि ती गेटवर मागू नये. पैसे भरलेले, पोरं हात ओढतायत, मागे शंभर माणसं उभी. तिथे कोण नाही म्हणेल?

मधुरा_पुणे
असहमत. डिस्नेची चाचणी ऐच्छिक होती. ज्यांना नको त्यांच्यासाठी नेहमीची रांग होतीच. फोटोचा एक आकडा बनवून तो तिकिटाशी जोडायचा आणि 30 दिवसांच्या आत पुसायचा, असं त्यांनी जाहीर केलं होतं. एकाच पासावर चौघे जाऊन येतात, तो भुर्दंड शेवटी प्रामाणिक लोकांच्या तिकिटावर पडतो. आपण पुणे विमानतळावर डिजियात्रा, म्हणजे चेहरा दाखवून आत जायची सोय, वापरतोच की. माझ्या सासूबाईंना रांगेत तासभर उभं राहवत नाही. त्यांच्यासाठी ही सोय मोठी आहे.

शिकागोकर
डिजियात्रेत ओळखपत्राची माहिती आपल्याच फोनमध्ये राहते आणि विमान सुटल्यावर 24 तासांत विमानतळाकडची प्रत पुसली जाते, असा नियम आहे. वर्षभराच्या पासाचं तसं नाही. वर्षभर ओळखायचं तर वर्षभर जपून ठेवावंच लागणार. आणि 'फक्त आकडा' म्हणून काय झालं? त्या आकड्यावरूनच तर माणूस ओळखतात!

वाचक_नाशिक
चीनमधलंही उदाहरण आहे. ग्वो बिंग नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी 2019 मध्ये हांगझोऊ सफारी पार्कचा वार्षिक पास 1360 युआनला घेतला, बोटाचा ठसा देऊन. काही महिन्यांनी मेसेज आला: ठसा बंद, आता चेहरा नोंदवा, नाहीतर प्रवेश नाही. ते कोर्टात गेले. 2020 मध्ये 1038 युआन भरपाई मिळाली आणि चेहऱ्याची माहिती पुसायचा आदेश झाला. 2021 च्या अपिलात ठसाही पुसायला सांगितलं.

मधुरा_पुणे
पण त्या कोर्टाने चेहरा ओळखणं बेकायदा ठरवलं नाही. कराराच्या अटी मध्येच बदलल्या, हा मुख्य मुद्दा होता. आधीच स्पष्ट सांगितलं असतं तर निकाल वेगळा लागू शकला असता. सिक्स फ्लॅग्सचंही तेच. 3 कोटी 60 लाख डॉलरवर तडजोड झाली, पण कुणाचा ठसा चोरीला गेल्याचं कोर्टापुढे आलंच नव्हतं.

वाचक_नाशिक
चोरी होईपर्यंत थांबायचं का मग? पासवर्ड गेला तर बदलता येतो. सहा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्याची माहिती फुटली तर तिने काय करायचं? आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण ही तरतूद लागू व्हायला त्यानंतर 18 महिन्यांची मुदत आहे. आपल्या पार्कांनी तेवढ्यात घाईघाईने कॅमेरे लावून घेऊ नयेत.

मधुरा_पुणे
तिकीट काढतानाच संमती विचारा, हे मला मान्य. पण मुलांना सरसकट वगळलं तर कुटुंबाच्या दोन रांगा होतील. आईबाप एकीकडे, पोरं दुसरीकडे, हे चालणार आहे का?

शिकागोकर
मुलांसोबत आलेल्यांची एक रांग ठेवा, तिकिटाच्या कोडवर चालणारी. सासूबाईंनी स्वतः हो म्हटलं तर त्यांनी जरूर चेहरा दाखवून जावं, त्या सज्ञान आहेत.

मधुरा_पुणे
कोड दुसऱ्याला देता येतो. म्हणून तर बोट लावायला लावतात.

शिकागोकर
येतो. एखादा मुलगा भावाच्या पासावर आत शिरला तर पार्कचं एका तिकिटाचं नुकसान होईल. ते पार्कने सोसावं.