काका गल्ल्यातून उचल करतात, कसं बोलायचं? (फरसाणचा घरचा धंदा)

मिरजकर_फरसाण

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको करत होतो. मिरजेत आमचं फरसाणचं दुकान आहे. पप्पांनी १९९६ ला शेव-चिवड्याचा गाडा लावला, मग गाळा घेतला, आता मागे भट्टी, दोन आचारी, पॅकिंगला चार बायका आणि मागच्या वर्षी सांगलीत दुसरं दुकान. काका गाड्यापासूनच पप्पांसोबत आहेत. सध्या भट्टी आणि खरेदी मी बघतो, काका मिरजेच्या गल्ल्यावर, चुलतभाऊ सांगलीला, आणि वहिनी (त्याची बायको) व्हॉट्सॅपच्या ऑर्डरी घेते. पप्पा सकाळी दोन तास येतात, सगळ्यांना ओरडतात आणि जातात.

प्रॉब्लेम असा की आमच्यात पगार हा प्रकारच नाही, ज्याला लागतील त्याने गल्ल्यातून घ्यायचे आणि रोजमेळात 'घरखर्च' लिहायचं, तेही आठवलं तर. गेल्या महिन्यात तेलवाल्याचं बिल द्यायचं होतं, गल्ल्यात बघतो तर ४० हजार कमी, काकांनी धाकटीच्या अ‍ॅडमिशनला उचलले होते. मला आधी सांगितलंही नाही. तेलवाला काय ऐकणार आहे, त्याने दुसऱ्या दिवशी डबे उतरवलेच नाहीत आणि दोन घाणे कमी काढले आम्ही. घरी बायको विचारते तुला महिन्याला मिळतात किती, मला उत्तर देता येत नाही.

मला काकांना महिना ठरावीक पगार बांधून त्यांची उचल बंद करायची आहे. ते मोठे आहेत, मनाला लावून घेतील. कसं बोलायचं? त्यात आत्याचं म्हणणं की तिच्या मुलालाही चिकटवा.

गप_बसा_राव

भावाभावांचा धंदा आणि आपण मराठी माणसं, कठीण आहे राव 😄 टूरवाल्यांचंच बघा, केसरी पाटील घरच्या राजा राणी ट्रॅव्हल्समधून बाहेर पडले आणि १९८४ ला स्वतःचं केसरी काढलं, पुढे २०१३ ला त्यांचीच मुलगी वीणा पाटील केसरीतून बाहेर पडल्या आणि वीणा वर्ल्ड काढलं. तुम्ही आत्ताच मसाल्याचं प्रमाण लिहून तिजोरीत ठेवा.

भिलवडीचा_पाव्हणा

@गप_बसा_राव उगा काहीतरी. सांगलीच्या माणसाला हे सांगताय? आमच्या भिलवडीत १९३९ ला चितळ्यांनी दुधाचं सुरू केलं, १९५० ला पुण्यात दुकान, काही भाऊ इथे दूध बघणार आणि काही तिकडे दुकान बघणार. एकाच गल्ल्यावर चौघं बसले असते तर काय झालं असतं देव जाणे. मिरजकर, तुमच्यात कामं वाटलेली आहेत ही मोठी गोष्ट आहे, पैसे वाटलेले नाहीत एवढंच. आणि आत्याच्या मुलाला आधी सहा महिने बाहेर कुठेतरी सेल्समनकी करून यायला सांगा, नंतर बघू म्हणावं. आमच्याकडे आईच्या भाच्याला घेतला होता, काढल्यावर आई दोन वर्षं मामाकडे गेली नाही.

सीए_ताई_कोथरूड

बोलायचं कसं ते नंतर. आधी सांगा, दुकान कागदावर कोणाचं आहे? जीएसटी, शॉप अ‍ॅक्ट, फूड लायसन्स, बँकेचं करंट खातं, गाळा?

मिरजकर_फरसाण

@सीए_ताई सगळं पप्पांच्या नावावर. प्रोप्रायटरशिप. गाळाही पप्पांचा. सांगलीचं दुकान भाड्याने, अ‍ॅग्रीमेंट पप्पांचंच.

जुना_छापखाना

मी सहसा नुसतं वाचतो, आज लिहितो. मी कुणाचा तरी काका आहे. थोरल्या भावाच्या छापखान्यात २२ वर्षं काढली, ट्रेडलवर हात काळे केले, मग ऑफसेट आलं ते मीच शिकून आलो. कागदावर मी कुठेच नव्हतो. दादा होता तोवर कधी प्रश्न आला नाही, लागले की घ्यायचो, तोही विचारायचा नाही. तो गेल्यावर पुतण्याने पंधरा दिवसांनी अगदी गोड बोलून मला पगार बांधून दिला. रक्कम वाईट नव्हती हो. पण ज्या दिवशी पाकीट हातात आलं त्या दिवशी कळलं की मी नोकर होतो.

तुमच्या काकांनी ४० हजार न सांगता घेतले हे चूकच, तेलवाल्याचं बिल आहे हे त्यांना माहीत असायला हवं होतं. पण तुम्ही जो पगार बांधायचा म्हणताय तो कोण कोणाला बांधणार? जवळजवळ तीस वर्षं गाड्यापासून उभा असलेला माणूस, आणि दुकानात त्याचा हिस्सा किती, तर कागदाने शून्य. तुमची पोस्ट दोनदा वाचली, त्यात हे कुठेच नाही. म्हणून लिहिलं. राग मानू नका.

लोणची_आणि_मी

छापखानावाले काका, 🙏

मिरजकर, मी रत्नागिरीची, सासरचा लोणची-कोकमचा धंदा, सून म्हणून आले आणि सात वर्षं 'मदत करते' म्हणूनच लिहिली गेले. कैरीच्या सीझनला रात्री दोनपर्यंत फोडी मोजायच्या पण हिशेबात मी नाहीच. तुमच्या वहिनी ऑर्डरी 'बघतात' ना, त्यांनाही विचारा कधीतरी. आमच्याकडे काय केलं सांगते. महिन्याच्या पाच तारखेला प्रत्येकाच्या खात्यात ठरलेली रक्कम, सासऱ्यांच्या पण, माझ्या पण. आजारपण, अ‍ॅडमिशन, लग्न असलं काही आलं तर उचल घ्यायची पण ती ज्याच्या त्याच्या नावावर लिहायची आणि दिवाळीनंतर नफा वाटताना वळती करायची. उचल बंद केली नाही आम्ही, बंद होतच नाही ती, फक्त नाव लागलं. पहिले तीन महिने सासरे माझ्याशी तुटक बोलत होते, चौथ्या महिन्यापासून स्वतःच वही मागायला लागले.

सीए_ताई_कोथरूड

छापखाना यांनी जे लिहिलं तेच मी रुक्ष भाषेत लिहिणार होते. प्रोप्रायटरशिप म्हणजे धंदा वडिलांचा एकट्याचा. उद्या त्यांना काही झालं तर करंट खातं अडकेल, आणि वारस म्हणून तुम्ही, आई, भावंडं असाल ती, काका नाहीत. चुलतभाऊ सांगलीचं दुकान चालवतो तोही नाही.

पार्टनरशिप करा, आणि ती सगळे बोलताहेत तोवर करा. १९३२ च्या भागीदारी कायद्याने करारात काही लिहिलं नसेल तर भागीदाराला कामाचा पगार मिळत नाही आणि नफा सगळ्यांना सारखा, मग कोणी पहाटे चारला भट्टी पेटवो नाहीतर घरी झोपो. एखादा भागीदार गेला तर वेगळं लिहिलेलं नसेल तर फर्मच संपते. त्यामुळे पगार, हिस्सा, उचलीची मर्यादा, कोणी बाहेर पडला तर त्याचे पैसे कसे मोजायचे आणि दुकानाचं नाव कोणाकडे राहणार, हे सगळं भागीदारीपत्रात घाला. नावावरूनच सगळ्यात जास्त भांडणं बघितलीत मी. फर्म रजिस्टर पण करा, नाहीतर उधारी बुडवणाऱ्या दुकानदारावर फर्मच्या नावाने दावा लावता येत नाही. जीएसटी नंबर, पॅन, फूड लायसन्स नव्याने घ्यावं लागेल, हे काम दिवाळीच्या तोंडावर काढू नका.

टॅक्सचं म्हणाल तर भागीदारांचा पगार फर्मच्या खर्चात धरता येतो पण त्याला मर्यादा आहे. २०२४-२५ पासून पहिल्या ६ लाख नफ्यावर ३ लाख किंवा ९० टक्के यातलं जे जास्त ते, त्यापुढच्या नफ्यावर ६० टक्के. आणि १ एप्रिल २०२५ पासून एका भागीदाराला वर्षात २० हजारांच्या वर पगार-व्याज दिलं की १० टक्के टीडीएस. गाळा फर्ममध्ये आणू नका, पप्पांच्याच नावावर राहू दे, फर्मने त्यांना भाडं द्यावं. म्हणजे त्यांचं उत्पन्न चालू राहील आणि सकाळी येऊन ओरडायचा हक्कही.

गप_बसा_राव

ताई शेवटचं वाक्य लय भारी 😂 बरं माझी तिजोरीवाली कमेंट मागे घेतो.

मिरजकर_फरसाण

उशिरा लिहितोय. खरं सांगतो, छापखानाकाकांचं वाचून दोन दिवस रागच आला होता, म्हटलं यांना आमच्या घरातलं काय माहीत. मग गुरुवारी दुकान बंद केल्यावर काकांना म्हटलं, थांबा जरा. पगाराचा विषय काढलाच नाही, सरळ विचारलं की दुकान कागदावर चौघांचं करायचं का. काका काही बोललेच नाहीत, शटर अर्धं ओढून तसेच उभे. मग गल्ल्याखालचा पत्र्याचा डबा काढला. त्यात सात-आठ डायऱ्या, बँकांच्या फुकट मिळतात तसल्या. २००३ पासूनची त्यांची सगळी उचल तारखेने लिहिलेली, अगदी औषधाचे दीडशे रुपये पण. ४० हजार पण होते, खाली बारीक अक्षरात 'भाऊंना सांगितले'. म्हणजे पप्पांना माहीत होतं आणि पप्पा मला सांगायला विसरले.

पप्पा आधी चिडले, मी मेलोय का म्हणून. काल स्वतःच विचारत होते कागद कधी करायचे. हिस्सा किती किती यावर अजून गाडी अडलीय, पप्पा म्हणतात काकांना २५ टक्के, मला ते कमी वाटतं, आईला जास्त वाटतं. वहिनीचं नाव घालायचं का पगार द्यायचा ते तिला विचारलं तर म्हणाली आधी कुरिअरच्या खोक्यांचे पैसे द्या, ते मी माझ्याकडचे घालतेय मार्चपासून.

@सीए_ताई, त्या डायऱ्यांचं काय करायचं? जुनी उचल हिशेबात धरायची की तिथे रेघ मारायची?

सीए_ताई_कोथरूड

जुनी धरू नका, रेघ मारा. धरायची म्हटली तर काकांचा इतक्या वर्षांचा न घेतलेला पगार पण मांडावा लागेल, आणि तो तुम्हाला परवडणार नाही.

जुना_छापखाना

डायऱ्या टाकू नका मात्र.