शब्दचर्चा: कोरिया 'खालसा' झाला की 'विलीन'?

पायवाट: कोरियावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. २२ ऑगस्ट १९१० च्या कराराबद्दल मी लिहिलं, 'जपानने कोरिया खालसा केला.' तपासणाऱ्यांनी ते खोडून वर लाल शाईत 'विलीनीकरण' केलं. विलीनीकरण म्हटलं की मला बँका आठवतात, नाहीतर १९४९ चं कोल्हापूर. कोरियाचा परराष्ट्र व्यवहार जपानने १९०५ मध्येच काढून घेतला होता. त्याविरुद्ध दाद मागायला १९०७ मध्ये कोरियाचे सम्राट गोजोंग यांनी हेगच्या शांतता परिषदेला तीन दूत धाडले. त्यांना आत घेतलं नाही, आणि गोजोंगांनाच गादी सोडावी लागली. हे विलीन होणं?

रानजाई: खालसाच! माझी आजी साताऱ्याची. 'गादी खालसा झाली' म्हणताना तिचा आवाज खाली यायचा. १८४८ तिने पाहिलेलं नव्हतं, पण घरात तो शब्द तसाच उच्चारला जायचा. विलीनीकरणात ते दुःख कुठून येणार?

अक्षरवेल: खालसा अरबी आहे. 'राज्यहरण' का नको? स्वच्छ आणि नेमका.

नदीकाठ: हरण म्हणजे थेट आरोप. मूळ लेखकाने तो केलाय का, हे आधी बघा. जपान्यांनीही शब्द तोलूनमापून घेतला होता. परराष्ट्र खात्यातल्या कुराची तेत्सुकिची यांनी 'हेइगो' योजला: कोरिया पुरता संपून जपानचा भाग झाला हे कळावं, पण ऐकायला फार कठोर वाटू नये. तुमच्या तपासणाऱ्यांचा शब्द त्याच्या जवळचा आहे.

पायवाट: म्हणूनच तो नको! सौम्य शब्दाची गरज जपानला होती, मला नाही. १९६५ च्या जपान-दक्षिण कोरिया करारात हे जुने करार 'आधीच रद्दबातल' म्हटलेत. कोरिया म्हणतो, आधीच म्हणजे मुळापासून. जपान म्हणतो, तेव्हा वैध होते, आता उरले नाहीत. एका 'आधीच'वर दोन देश अडलेत, आणि मी विलीनीकरण लिहून मोकळी होऊ?

अक्षरवेल: मग जपानी बाजू सांगताना 'आता' आणि कोरियन बाजूला 'मुळातच' लिहा.

पायवाट: नाही. दोघांनी एकाच शब्दावर सही केली, हेच तर त्यातलं महत्त्वाचं.

कोठार: खालसाचा मूळ अर्थ बळकावणं नव्हेच. ज्या गावाचा सारा थेट सरकारात जातो ते खालसा, इनामदाराकडे लावून दिलेलं ते दुमाला. करवीर तालुक्यातलं हसूर दुमाला आठवा. इनाम काढून घेतलं की गाव खालसात जमा, तिथून हा अर्थ आला.

रानजाई: आमच्याही गावाच्या नावात दुमाला आहे. दोन माळांमधलं म्हणून दुमाला, असं लहानपणापासून ऐकलंय.

कोठार: माळाचा काही संबंध नाही. महसुली शब्द आहे.

रानजाई: पण आमच्याकडे खरंच दोन माळ आहेत, वरचा आणि पिराचा. गाव बरोबर मधे.