मदत हवी आहे: पोटासाठी धरलेलं पथ्य आता सोडवत नाहीये

आमच्या सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण आणि वांगं खात नाहीत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मगच सुरू करतात. परवा मेथी निवडताना त्या सहज म्हणाल्या, "माझं आता पंधरा दिवसांत सुटेल. तुझं कधी सुटणार गं?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून रात्री जाग येते, म्हणून शेवटी इथे विचारते आहे.

वय ३६, सातारा, नोकरी करते, मुलगी १० वर्षांची. सहा वर्षांपासून आयबीएस आहे, म्हणजे आतडं हळवं होऊन पोट सारखं बिघडण्याचा आजार. जेवल्यावर तासाभरात पोट टम्म फुगायचं, कळा यायच्या. कधी चार-चार दिवस पोट साफ नाही, तर कधी ऑफिसला निघता निघता तीनदा धावायचं. पोटाच्या डॉक्टरांनी रक्ताच्या आणि दुर्बिणीच्या तपासण्या केल्या. सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) नाही, आतड्याला सूज नाही. मग एका आहारतज्ज्ञांकडे पाठवलं, त्यांनी लो-फॉडमॅप आहार दिला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी हा आहार बसवला. काही छोट्या साखळीची कर्बोदकं, म्हणजेच फॉडमॅप, लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत. ती आतड्यात पाणी ओढतात, पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात आणि गॅस होतो. हे सगळ्यांच्याच पोटात होतं, पण आयबीएसवाल्यांचं आतडं त्या ताणाला फार हळवं असतं. म्हणून कांदा, लसूण, गहू, राजमा-छोले, दूध, आंबा, मध असं बरंच काही बंद. पण बंद फक्त २ ते ६ आठवडे! मग एकेक गट परत आणून बघायचा आणि शेवटी जे खरंच बाधतं तेवढंच कमी ठेवायचं.

मी आषाढी एकादशीला सुरू केलं, म्हणजे घरात कांदा-लसूण तसाही कमी. भात, ज्वारीची भाकरी, पालक, गाजर, बटाटा, अंडी, शेंगदाण्याची चटणी, पपई. तिसऱ्या आठवड्यात पोट इतकं शांत झालं की मला रडू आलं. सहा वर्षांत पहिल्यांदा मी एसटीने कोल्हापूरला न घाबरता गेले.

मग वजन उतरायला लागलं. किती, ते मुद्दाम लिहीत नाही. इथे वाचणाऱ्या कुणाच्या मनाला तो आकडा चिकटायला नको.

याच्या मागे एक जुनी गोष्ट आहे. अकरावीत हॉस्टेलला असताना मी जेवण तोडलं होतं. वर्षभर. पाळी पाच महिने गेली, केस मुठीने गळायचे. आई येऊन घरी घेऊन गेली. त्यातून बाहेर यायला फार वर्षं लागली. अंगाला नावं न ठेवता आरशासमोर उभं राहणं मी तिशीत शिकले. वजनकाटा भंगारात देऊन टाकला. माझ्या लग्नातल्या पैठणीच्या ब्लाउजला शिंप्याने भरपूर माया ठेवली होती. ती दोनदा उसवून सैल करून घेतली आणि दोन्ही वेळा मला वाईट वाटलं नाही. हे मी कमावलेलं होतं.

आता गणपतीपासून भेटेल तो म्हणतो, "काय बारीक झालीस! काय करतेस?" नणंदेने तर फोटो मागून घेतला. आणि मला ते आवडलं. इतकं आवडलं की मी नवीन वजनकाटा मागवला. सप्टेंबरमध्ये आहारतज्ज्ञांचा फोन आला, "चला, आता गहू परत आणून बघू." मी खोटं बोलले. म्हटलं, अजून त्रास आहे. पोटाला काहीही त्रास नव्हता. दुसऱ्या फोनलाही तेच सांगितलं. नंतर फोन घेतला नाही. हॉस्टेलचं त्यांना मी सुरुवातीलाही सांगितलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. पैठणीचा ब्लाउज आत घ्यायला दिला तर शिंपी म्हणाला, "ताई, एवढी माया राहिली तर आतून टोचेल. कापून टाकू?" मी पटकन "कापा" म्हणाले. आणि त्याच रात्री लेक जेवताना म्हणाली, "आई, मी पण पोळी सोडू? तू किती छान दिसतेस आता." हातातला घास तसाच राहिला.

मला इतकंच विचारायचं आहे. पोट खरंच बरं झालंय, ते मला घालवायचं नाही. पण चार आठवड्यांचं पथ्य मी पाच महिने ओढलंय, ते पोटासाठी नाही, हे मला कळतंय. पोळीचा तुकडा तोडायला गेलं की हात थांबतो. कुणी यातून गेलंय का? परत खायला सुरुवात कशी केलीत? आणि लेकीला काय सांगू?

अबोली
आधी लेकीबद्दल. माझी पुतणी अशीच बोलली होती, तेव्हा आम्ही उत्तर टाळलं आणि तिने तिचं उत्तर स्वतःच शोधलं. तुम्ही टाळू नका. "माझं पोट दुखायचं, म्हणून डॉक्टरांनी थोडे दिवस पोळी बंद केली होती, आता परत सुरू करणार आहे. तुझं पोट दुखत नाही, तू खा." एवढं साधं. आणि मग तिच्यासमोर खरंच खा. बाकीचं इथली जाणकार मंडळी सांगतील.

माणदेशी
पोट बरं आहे आणि वजनही उतरतंय, तर सोडायचं कशाला? चालू ठेवा की.

खडीसाखर
माणदेशी, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंत, पण असं सांगू नका. मी आहारशास्त्राचं काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला टप्पा कायम ठेवण्यासाठी नसतोच. जी कर्बोदकं आपण बंद करतो, तीच आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य असतात. फार दिवस बंद ठेवली तर त्यातले बायफिडोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू कमी होतात. तंतू आणि कॅल्शियम कमी पडण्याचीही भीती असते. शिवाय ज्यांनी पूर्वी जेवण तोडलेलं आहे त्यांना हा आहार सहसा देत नाहीत, किंवा फार सौम्य करून देतात, एखाद-दोन गटच कमी करून. सुरुवातीलाच हा प्रश्न विचारायला हवा होता आणि तो विचारणं आमचं काम आहे. तुम्ही सांगितलं नाहीत याचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

ताई, आणखी एक. कमी खाण्यानेसुद्धा पोट मंदावतं, फुगतं, साफ होत नाही. म्हणजे असंच चालू ठेवलंत तर आत्ता शांत झालेलं पोटच पुन्हा बिघडू शकतं. पोट सांभाळायचं तर खाणं वाढवायलाच हवं.

तुमच्या आहारतज्ज्ञांना उद्याच फोन करा आणि इथे लिहिलंय ते जसंच्या तसं वाचून दाखवा. ऐकणारं माणूस नीट असेल तर रागावणार नाही. पाळी आत्ता नियमित आहे का, चक्कर येते का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मनाचं बोलायला कुणी तरी लागेल. जवळ समुपदेशक नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. वजनकाटा मात्र आजच घराबाहेर गेला पाहिजे.

खायला सुरुवात आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने करा. साधारण पद्धत अशी: एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस, प्रमाण थोडं थोडं वाढवत. बाकी जेवण आहे तसंच. मग दोन-तीन दिवस थांबून पुढचा. गहू, कांदा, लसूण वेगवेगळे बघायचे, कारण एक बाधला म्हणून दुसरा बाधेलच असं नाही.

पारिजात_नाशिक
मी पुरुष आहे, पण हे वाचून राहवलं नाही. मला आयबीएससाठीच हा आहार दिला होता. कांदा परत आणायला मी दोन महिने घाबरत होतो. माझी भीती कळांची होती, तुमची वेगळी आहे, पण हात थांबतो म्हणजे काय ते मला माहीत आहे. मी एकट्याने कधीच सुरू करू शकलो नसतो. बायको समोर बसली, पहिल्या दिवशी दोन चमचे कांदा, काही झालं नाही. तुमच्या सासूबाई समोर बसतील असं त्यांच्या प्रश्नावरून वाटतं. त्यांना सांगून बघा ना.

उपयोगी पडेल ते: लसणातला त्रास देणारा भाग पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही. पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या तर स्वाद मिळतो. कांद्याच्या पातीचा हिरवा भागही चालतो. आणि गव्हाची चाचणी करायच्या आधी हिंगाच्या डबीवर काय लिहिलंय ते बघा, बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ असतं. म्हणजे थोडा गहू तुमच्या पोटात रोजच जात असेल आणि पोट गप्प आहे!

अबोली
पारिजात, सासूबाईंचं अगदी खरं. ताई, त्यांच्या प्रश्नात टोमणा नव्हता असं मलाही वाटलं. व्रताला उद्यापन असतं, तसं तुमच्या पथ्याला कुणी घातलेलंच नाही.

धागाकर्ती
उत्तर द्यायला उशीर झाला. सगळ्यांची उत्तरं अनेकदा वाचली.

आहारतज्ज्ञांना फोन केला. खडीसाखर यांनी सांगितल्याप्रमाणे वाचूनच दाखवलं, कारण नुसतं बोलता आलं नसतं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या की विचारायला हवं होतं, चुकलं. त्यांनी एका मानसोपचारतज्ज्ञांचं नाव दिलं आहे, पुढच्या बुधवारी जायचं आहे. पाळीचं विचारलंत, ती दोन महिने पुढे-मागे होते आहे. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, आता सांगितलं. काटा तो ऑफिसला घेऊन गेला.

सासूबाईंना हॉस्टेलचं पहिल्यांदा सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. चंपाषष्ठीला सकाळी मात्र वांगी भाजून झाल्यावर त्यांनी भरिताचा छोटा वाटा बिनकांद्याचा, बिनलसणाचा वेगळा काढला. म्हणाल्या, "तुला एका वेळी एकच ना? मग आज फक्त कणकेचा रोडगा." नैवेद्य झाल्यावर त्या माझ्यासमोर ताट घेऊन बसल्या. त्यांनीही पाच महिन्यांनी पहिला घास कांद्याचा घेतला, मी रोडग्याचा. लेक शेजारीच होती, तिने तिचा अर्धा रोडगा तुपात बुडवून संपवला, माझ्याकडे बघितलंही नाही.

घास गिळायला वेळ लागला. दुपारभर आरशाकडे जावंसं वाटत होतं, दोनदा गेलेही. सोपं झालंय असं म्हणणार नाही. पोटाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी एक पोळी, काल दोन. काल रात्री थोडं फुगलं, कळ नाही.

शिंप्याकडे धावत गेले होते. त्याने अजून कात्री लावली नव्हती. ब्लाउज तसाच घेऊन आले.

आता तीन दिवस थांबायचं, मग कांदा. पारिजात, दोन चमचे म्हणजे चहाचे की पोह्याचे? चिरलेला, की शिजवून?