शिंगलसाठी एअर नेल गन: खिळा कधी आत घुसतो, कधी वर राहतो

अर्धवट_सुतार:
मंडळी, मागच्या शेडचं छप्पर स्वतःच करायला घेतलंय. वाशांवर अर्धा इंची प्लाय ठोकून झालाय, त्यावर फेल्ट (डांबरी कागद) अंथरलंय, आता डांबरी शिंगल, म्हणजे कौलांसारखे एकावर एक चढणारे डांबरी तुकडे, चढवायच्या. मित्राची कॉइलवाली (गुंडाळीतले खिळे घेणारी) रूफिंग नेल गन मिळाली आहे आणि माझ्याकडे 24 लिटरचा छोटा कॉम्प्रेसर आहे. उरलेल्या प्लायच्या तुकड्यावर शिंगल ठेवून मारून बघितलं. 100 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ला खिळ्याचा माथा शिंगल फाडून आत गेला. 80 ला आणलं तर माथा वर राहिला, बोटाला लागतो. नेमकं किती ठेवायचं? खिळे किती लांबीचे घेऊ? एवढा कॉम्प्रेसर पुरेल ना? की गपगुमान हातोडी घेऊ?

पाखाडीवाला:
आधी तुकड्यावर मारून बघितलंस हे उत्तम केलंस. लोक थेट छपरावर चढतात आणि पहिली ओळ वाया घालवतात.

नेमका आकडा कुणी सांगितला तरी ऐकू नकोस. गनवर लिहिलेली मर्यादा साधारण 70 ते 120 पीएसआय असते, आणि त्यातला तुझा आकडा प्लाय, पाइपची लांबी आणि ऊन यांवर ठरतो. 90 पासून सुरू कर. कॉम्प्रेसरच्या रेग्युलेटरवर ढोबळ जुळव आणि शेवटचा फरक गनच्या नाकाजवळच्या खोलीच्या चाकाने काढ. माथा शिंगलला सपाट टेकला पाहिजे. आत रुतला तर शिंगल तिथे कापली जाते आणि वाऱ्यात खिळ्याच्या माथ्यावरून अख्खी निघून येते. वर राहिला तर वरची शिंगल त्यावर बसून फुगते, चिकटपट्टी चिकटत नाही, आणि कालांतराने तो माथाच वरच्या शिंगलला भोक पाडतो. वर राहिलेल्याला हातोडीची एक टिचकी पुरते. रुतलेला मात्र सुधारत नाही, त्यावर डांबरी सिमेंटचा ठिपका लाव आणि शेजारी नवीन खिळा मार. म्हणून चुकायचंच असेल तर किंचित कमी प्रेशरकडे चुकावं.

एकदा जुळवलं की दिवसभर तसंच राहील असंही समजू नकोस. सकाळी शिंगल कडक असते, दुपारी उन्हाने मऊ पडते आणि त्याच प्रेशरला खिळे रुतायला लागतात. गन तिरकी धरलीस तर माथ्याची एकच कड आत जाते. तू म्हणतोस तसं फाटणं बऱ्याचदा प्रेशरचं नसतं, मनगटाचं असतं. उतारावर उभं राहिलं की हात आपोआप वाकडा होतो.

खिळा सव्वा इंची घे, गॅल्व्हनाइज्ड. पाऊण इंचाहून पातळ प्लाय असेल तर खिळा आरपार जाऊन खालून तीनेक मिलिमीटर टोक दिसलं पाहिजे. छपराच्या शेंड्यावर बसणाऱ्या कॅप शिंगलखाली थर जास्त असतात, तिथे दीड किंवा पावणेदोन इंची लागेल. एका शिंगलला चार खिळे, वारा जोराचा असेल तिथे सहा. आणि खिळा शिंगलवर आखलेल्या पट्टीतच. पट्टीच्या वर गेला की खालच्या शिंगलची वरची कड पकडली जात नाही, म्हणजे सहाचे तीनच काम करतात असं समज.

कॉम्प्रेसर एका गनला पुरेल. मोटर टाकी भरायला लागली की जरा थांब. लांबचा पल्ला असेल तर विजेची वायर वाढवू नकोस, हवेचा पाइप वाढव. बारीक एक्स्टेन्शनवर मोटर धापा टाकते आणि जळते. पाइप 3/8 इंची असला तर लांबीने प्रेशर फारसं पडत नाही. संध्याकाळी टाकीतलं पाणी सोड आणि सकाळी गनच्या हवेच्या तोंडात गनच्या तेलाचे दोन-तीन थेंब टाक.

हातोडीच_बरी:
शेडच आहे ना? मग मी हातोडीच म्हणेन. गनने खिळा प्लायच्या फटीत गेला तरी आवाज तोच येतो, तुला कळतच नाही. हातोडीला हाताखाली लगेच कळतं की खिळ्याने लाकूड धरलं नाही. कडा, चिमणीभोवतीचा पत्रा, पन्हळीजवळचं (दोन उतार मिळतात त्या खोलगट जागेचं) काम तर पाखाडीवालेही हातानेच करत असतील.

पाखाडीवाला:
करतो की. पन्हळीच्या मध्यापासून सहा इंचांच्या आत खिळाच मारायचा नाही, आणि त्याच्या बाहेरही तिथे मला गनची घाई नको वाटते. पण सरळ पसरलेल्या पाखावर गन सोडून हातोडी धरायची हौस आता राहिली नाही.

अर्धवट_सुतार:
90 ला माथा मस्त बसला, चाक थोडं आत घेतलं. एक विचित्र आहे, ट्रिगर दाबून ठेवला आणि गनचं नाक कुठेही टेकलं की खिळा सुटतो. बिघडली आहे का?

सुरक्षित_शिडी:
बिघडली नाही, तो कॉन्टॅक्ट ट्रिगर. वेगाने मारायला बरा, पण नवख्याच्या हातात नको. गनला उलटा धक्का बसून नाक परत टेकलं की दुसरा खिळा सुटतो. अमेरिकेतल्या नायॉश आणि ओशा या सरकारी संस्थांनी 2011 साली कंत्राटदारांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत म्हटलंय की अशा ट्रिगरने इजा होण्याचा धोका सिक्वेन्शियल ट्रिगरच्या दुप्पट असतो. सिक्वेन्शियलमध्ये आधी नाक टेकवायचं, मग ट्रिगर, आणि प्रत्येक खिळ्याला ट्रिगर सोडून पुन्हा दाबायचा. तुझ्या गनवर बदलायची सोय असेल तर तेच लाव, काही गनना त्यासाठी वेगळा ट्रिगर विकत मिळतो.

चालताना बोट ट्रिगरवर नको. शिंगल धरणारा डावा हात नाकापासून फूटभर लांब. खिळा अडकला तर आधी पाइप काढ, नंतरच झाकण उघड. पाइप पायाखाली गोल फिरला की माणूस घसरतो, म्हणून तो वरच्या बाजूने आण. सुरक्षेचा चष्मा आणि पट्टा तर हवेतच.

नवा_सभासद:
मध्येच विचारतो, हीच गन पत्र्याच्या छपराला चालेल का?

पाखाडीवाला:
नाही. पत्र्याला रबरी वॉशरचे स्क्रू आणि स्क्रू मशीन. खिळ्याचा माथा पत्र्याला चेपतो आणि त्या खड्ड्यातूनच पाणी शिरतं.