पांढरे झाकण्यापेक्षा मिसळू द्या

"रंग लावला की थोड्याच दिवसांत भांगात पांढरी रेघ दिसते, काय करू?" असं एकांनी विचारलंय. मुळापासून टोकापर्यंत एकच गडद रंग चोपडला की रेघ दिसणारच. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतात, त्याला कोण काय करणार!

पांढरे थोडेच असतील तर डेमी-पर्मनंट रंग बघा. तो पांढऱ्या केसांवर जरा पारदर्शक बसतो, त्यामुळे ते हायलाइट केल्यासारखे वाटतात. धुता धुता उतरतो, म्हणून रेघही ठळक पडत नाही. शेड मूळ रंगाच्या जवळचीच, फार तर एक लेव्हल (म्हणजे छटेची एक पायरी) फिकट. जेट ब्लॅक मात्र नको, टोप घातल्यासारखं दिसतं (माझं मत, भांडायला तयार आहे).

हायलाइट्स हवेच असतील तर अगदी बारीक बटा घ्यायला सांगा. काळे केस ब्लीच केले की आधी तांबूस-केशरी झाक येते, त्यामुळे टोनर (नको असलेली झाक मारणारा हलका रंग) बहुतेक लागतोच: केशरीवर निळसर, पिवळ्यावर जांभळट.

आणि हो, 48 तास आधी कानामागे पॅच टेस्ट (थोडासा रंग लावून ॲलर्जी येते का बघणं), दर वेळी. 'अमोनिया फ्री' रंगातही पीपीडी (ॲलर्जी करू शकणारं रंगातलं रसायन) असू शकतं.